‘संसार’ : एका विश्ववाचक शब्दाचा अर्थविचार

१

कवितेची उंची मोजण्याची एक पट्टी मराठी समीक्षेत दीर्घकाळ वापरात आहे. कवी आपल्या ‘मर्यादित अनुभवविश्वा’त उभा असतो, हळूहळू तो प्रादेशिकतेच्या, व्यक्तिगततेच्या, कौटुंबिकतेच्या सीमा ओलांडतो आणि अखेरीस त्याची कविता ‘वैश्विक’ होते, असा या पट्टीचा क्रम असतो. पहिली खूण घराची, शेवटची विश्वाची. प्रस्तावना, परीक्षणे आणि पाठ्यपुस्तकांतील कविपरिचय यांतून ही पट्टी इतक्या सहजपणे वापरली जाते की तीमागे एक गृहीतकृत्य आहे याचेही भान राहत नाही. घर लहान, विश्व मोठे; घर खाली, विश्व वर; आणि चांगली कविता म्हणजे खालून वर जाणे, हे ते गृहीतकृत्य होय.

बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेला ही पट्टी वारंवार लावली गेली आहे. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिचे ‘भावविश्व’ चूल, जाते, शेत, माहेर एवढेच असूनही तिची कविता ‘विश्वात्मक’ होते, अशा स्वरूपाचा गौरव रूढ झाला. यातील ‘असूनही’ हा शब्द विचार करायला लावणारा आहे. तो गौरवाच्या वाक्यात बसून गौरवविषयाला कमी लेखतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, बहिणाबाईंच्या बाबतीत हा जिना मुळातच अस्तित्वात नाही. ज्या शब्दाला आपण ‘घर’ समजून पहिल्या पायरीवर ठेवतो तो ‘संसार’ हा शब्दच विश्ववाचक आहे, आणि तो तसा आहे ही गोष्ट कोशापुरती मर्यादित नसून कवितेच्या संहितेत कार्यरत आहे. हे दाखवायचे तर प्रथम मराठीतील विश्ववाचक शब्दांचे कूळ पाहिले पाहिजे.

२

आपण आज ज्याला ‘विश्व’ म्हणतो त्या शब्दाला वैदिक भाषेत ‘जगाचा पसारा’ असा अर्थ प्राधान्याने नव्हता. तेथे ‘विश्व’ हे मुख्यतः विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्व’, ‘सगळे’, ‘प्रत्येक’ असा आहे. अवेस्तेतील ‘वीस्प’ आणि लिथुआनियन भाषेतील ‘विसस्’ हे त्याचे सगोत्र शब्द ‘सर्व’ याच अर्थाचे आहेत. व्याकरणपरंपरा ‘विश्व’ची व्युत्पत्ती ‘विश्’ म्हणजे प्रवेश करणे या धातूकडे नेते. ती मान्य केली काय किंवा न केली काय, वैदिक प्रयोगांतील अर्थाबद्दल वाद नाही. पुढे ‘सगळे’ या अर्थाची जागा ‘सर्व’ या शब्दाने घेतली आणि मोकळा झालेला ‘विश्व’ हा शब्द नाम होऊन ‘हे जे सगळे आहे ते’ या अर्थी स्थिरावला. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर शब्दाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते; शेजारी बलवान झाला की शब्दाला आपले घर बदलावे लागते.

जुना अर्थ मात्र समासांतून टिकून राहिला. ‘विश्वकोश’ या शब्दातील ‘विश्व’ म्हणजे तारकापुंजांचा पसारा नव्हे. सर्व विषयांचा कोश तो विश्वकोश. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ साली धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा. त्यांच्या हातून १९७६ साली ज्या कोशाचा पहिला संहिताखंड बाहेर पडला त्याच्या नावात हा वैदिक ‘सर्व’ सुखरूप आहे. हिंदीतील ‘विश्वविद्यालय’ या शब्दातही ‘विश्व’ ‘समग्र’ या अर्थानेच आले आहे. ज्या लॅटिन शब्दाला तो पर्याय म्हणून योजला गेला त्याचाही मूळ अर्थ ‘समग्र समुदाय’ असाच होता. मराठीने मात्र ‘विद्यापीठ’ हा शब्द पत्करला.

‘जगत्’ची कथा निराळी आहे. ‘गम्’ या गत्यर्थक धातूपासून आलेला हा शब्द आरंभी हालचाल करणाऱ्या प्राणिमात्राचा वाचक होता. ऋग्वेदातील सूर्यसूक्तात ‘जगत्’ची जोडी ‘तस्थुस्’शी, म्हणजे स्थिर असणाऱ्याशी, घातलेली आहे. चालणारे ते जगत्, उभे राहिलेले ते तस्थुस्. नंतर चालणाऱ्याचे नाव चालणाऱ्या-न चालणाऱ्या सगळ्यांनाच मिळाले. ‘लोक’ या शब्दाचा प्राचीन अर्थ मोकळी, प्रशस्त जागा असा होता. तीवरून ‘भुवन’, ‘जग’ हा अर्थ आला. आणि मराठीत ‘लोक’ म्हणजे माणसे. ‘त्रैलोक्य’ म्हणताना आपण जुना अर्थ वापरतो आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणताना नवा. ‘प्रपंच’ म्हणजे मुळात विस्तार, पसरणे. वेदान्तात नामरूपात्मक सृष्टीचा पसारा. हिंदीत त्याला लबाडी, कारस्थान असा अर्थ आला. आणि मराठीत बायकामुले, घरदार, रोजचे मीठभाकरीचे व्यवहार म्हणजे प्रपंच.

ही उदाहरणे शेजारी ठेवली की मराठी बोलीव्यवहाराचा एक कल स्पष्ट दिसतो. जगाच्या पसाऱ्याला असलेली संस्कृत नावे तिने एकामागून एक माणसांच्या वस्तीत उतरवली. ‘लोक’ माणसे झाले. ‘जग’ अफवा पसरवणारे, नावे ठेवणारे शेजारीपाजारी झाले. ‘प्रपंच’ आणि ‘संसार’ घर झाले. ‘ब्रह्मांड’ हा सर्वांत भव्य शब्द तरी सुटला असेल असे वाटते, पण तोही सुटलेला नाही. कळ मस्तकात गेली की माणसाला ‘ब्रह्मांड आठवते’. मराठी माणूस एरवी ब्रह्मांडाचे नाव घेत नाही. पायाच्या करंगळीला उंबरठा लागला की घेतो.

याची तुलना इतर भाषांशी करणे उद्बोधक आहे. ग्रीक ‘कॉसमॉस’ हा शब्द सुव्यवस्था, मांडणी, शृंगार या अर्थाचा. लॅटिन ‘युनिव्हर्सुम’ म्हणजे एकाकडे वळवलेले समग्र. एका शब्दात शिस्तीची प्रतिमा आहे, दुसऱ्यात एकत्वाची. संस्कृतातील ‘जगत्’ आणि ‘संसार’ या शब्दांच्या मुळाशी मात्र चालणे आणि वाहणे या क्रिया आहेत. विश्व ही वस्तू नसून चाल आहे, अशी सूचना त्यांच्या घडणीत आहे.

३

विश्ववाचक शब्द आणि विश्व यांच्यातील संबंधाचा अत्यंत सावध विचार ज्या ग्रंथपरंपरेत झाला तिचा एक महत्त्वाचा पुरावा खानदेशातच आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा, एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्यास दान दिले, अशी नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांचे गाव कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या (११५०) पठणपाठणाचे एक केंद्र आजच्या जळगाव जिल्ह्यात होते, ही गोष्ट दगडावर कोरलेली आहे.

या ग्रंथात भास्कराचार्यांनी आकाशकक्षेचा परिघ १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने असा दिला आहे. तो देताना ते जी भूमिका घेतात ती आजच्या समीक्षकानेही ध्यानात घ्यावी अशी आहे. हा परिघ म्हणजे ब्रह्मांडरूपी कढईच्या दोन अर्धांच्या सांध्याचा घेर, असे काहीजण म्हणतात. पौराणिक त्याला लोकालोक पर्वताचा घेर समजतात. भास्कराचार्य दोन्ही मते नोंदवतात आणि सांगतात की ब्रह्मांड एवढ्या मापाचे असो वा नसो. एका कल्पात ग्रह जेवढी योजने चालतो तेवढ्या संख्येला आम्ही आकाशकक्षा म्हणतो. कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक भेद केलेला आहे. ‘ब्रह्मांड’ या शब्दात एक चित्र आहे. ब्रह्म अधिक अंड. सृष्टीचे अंडे, त्याला कवच, त्याला आत आणि बाहेर. शब्द स्वीकारला की चित्र आपोआप स्वीकारले जाते आणि चित्राबरोबर ‘विश्वाला कड आहे’ हा सिद्धान्तही नकळत येतो. भास्कराचार्यांनी शब्द नाकारला नाही, पण त्यातील चित्राला पुरावा मानण्याचे नाकारले. संख्येला त्यांनी आधार दिला तो चालीचा, ग्रहाच्या प्रवासाचा. पृथ्वीला आधार लागतो असे मानणाऱ्यांनाही त्यांनी अशाच रीतीने अडवले आहे : आधाराला आधार, त्याला पुन्हा आधार, असे कोठवर मानणार? त्यापेक्षा पृथ्वी स्वतःच्या शक्तीने आकाशात आहे असे का मानू नये?

पाटणच्या शिलालेखाची आणखी एक बाजू वाङ्मयाच्या अभ्यासकास महत्त्वाची आहे. राजवंश, आचार्यकुल आणि शास्त्र यांचे वर्णन संस्कृतात आहे. लेखाचा अखेरचा भाग, ज्यात मठाला मिळावयाच्या देण्यांचा तपशील येतो, तो मराठीत आहे. एकाच दगडावर ज्ञानाचा गौरव संस्कृतात आणि देण्याघेण्याचा हिशेब मराठीत. भाषांच्या कामाची ही वाटणी त्या काळास स्वाभाविकच होती. १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरीने ती मोडली. विश्वरूपाचे वर्णन आणि विश्वालाच आपले घर मानणाऱ्या भक्ताची कल्पना देशीकार लेण्यात आली. परंतु समीक्षेच्या मनात ती वाटणी अजूनही शाबूत आहे असे म्हणण्यास जागा आहे. ‘वैश्विक’ हा शब्द आपण अजून संस्कृत भागासाठी राखून ठेवतो आणि देण्याघेण्याचा हिशेब ‘मर्यादित अनुभवविश्वा’त टाकतो.

४

आता ‘संसार’. ‘सम्’ अधिक ‘सृ’ : एकत्र वाहणे, फिरत राहणे, एका स्थितीतून दुसरीत जात राहणे. कठोपनिषदात हा शब्द येतो तो परमपद न गाठणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या भ्रमणासाठी. बौद्ध आणि जैन परंपरांनी तो जन्ममरणाच्या अनादी फेऱ्यासाठी वापरला. म्हणजे ‘संसार’ हे विश्वाचे नाव असले तरी ते तटस्थ नाव नव्हते; विश्व ज्या बाजूने जिवाला बांधते त्या बाजूचे ते नाव होते. ‘विश्व’ दिसते, ‘संसार’ भोगावा लागतो.

हा शब्द जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याने या भोगाची आठवण नेली. मलाय भाषेत ‘संगसारा’ म्हणजे यातना, हालअपेष्टा. थाई भाषेत त्याच शब्दाचा अर्थ ‘कीव येणे’ असा झाला. फेऱ्यात सापडलेल्या जिवाचे दुःख एका भाषेने उचलले, त्या जिवाकडे पाहणाऱ्याची करुणा दुसरीने उचलली. हिंदीत तो मुख्यतः ‘जग’ राहिला. मराठीत आणि बंगालीतही तो घरात शिरला.

तो घरात शिरला कसा? संतवाङ्मयाचा श्रोता गृहस्थाश्रमी होता. भवबंधनाचा उपदेश अरण्यातल्या यतीला करायचा असता तर बंधनाचे उदाहरण तत्त्वात शोधता आले असते. शेतकऱ्याला, कुणब्याला, शिंप्याला, दळणाऱ्या-कांडणाऱ्या बाईला करायचा तर बंधन दाखवायचे कोठे? घरात. कीर्तन-प्रवचनांतून ‘प्रपंच’ आणि ‘परमार्थ’ यांची जोडी शतकानुशतके फिरत राहिली. रामदासांनी ‘दासबोधा’त आधी प्रपंच नेटका करण्यास सांगितले तेव्हाही जोडी कायमच होती. अशा रीतीने अमूर्त बंधनाचे उदाहरण हेच त्या बंधनाचे नाव होऊन बसले. अर्थसंकोचाची ही एक नेहमीची वाट आहे.

पुढचा टप्पा मात्र नेहमीचा नाही. घराला हे नाव उपदेशकाने दिले होते आणि त्यात तुच्छता होती. पण ज्यांचे ते घर होते त्यांनी नाव घेतले आणि तुच्छता घेतली नाही. ‘संसार मांडणे’, ‘संसार थाटणे’, ‘संसाराला लागणे’ हे प्रयोग पाहावेत; यांत वैराग्याचा मागमूस नाही. पूर आला, आग लागली की ‘संसार उघड्यावर पडला’ असे आपण म्हणतो. तेथे ‘संसार’ म्हणजे भांडीकुंडी, अंथरुणे, धान्याच्या कणग्या. मुलींची भातुकलीतली बोळकी म्हणजेही संसारच. जन्ममरणाचा फेरा हा अर्थ असलेला शब्द पितळी बोळक्यापर्यंत येतो आणि तरीही हास्यास्पद होत नाही, यात मराठी बोलीचे सामर्थ्य आहे.

५

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. शब्दाचा उगम म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. संस्कृतात ‘संसार’ शब्दाला विश्वचक्राचा अर्थ होता म्हणून असोद्याच्या बाईच्या ओठांवरील ‘संसार’लाही तो आहे असे म्हणणे म्हणजे कोशातील अर्थ कवितेवर लादणे होय.

हा आक्षेप खानदेशात तरी हलकेपणाने घेता येणार नाही. वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली. १९२६ च्या ३१ डिसेंबरला तेथेच त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने त्यांचे व्युत्पत्तिविषयक साहित्य जतन करून प्रसिद्धही केले. राजवाड्यांची व्युत्पत्तिबुद्धी विलक्षण होती. एकेका मराठी शब्दातून ते समाजाच्या इतिहासाचे दालन उघडू पाहत. पण याच मार्गावर ध्वनिसाम्याचा मोह किती प्रबळ असतो, हेही त्यांच्या काही व्युत्पत्त्यांनी दाखवून दिले आहे. उगमाचा अर्थ वर्तमान प्रयोगात जिवंत आहे असे म्हणायचे असेल तर पुरावा उगमातून देता येत नाही. तो प्रयोगातूनच द्यावा लागतो.

बहिणाबाईंच्या ‘संसार’ या विषयावरील सुप्रसिद्ध कवितेत हा पुरावा आहे. कविता सर्वांच्या पाठातली आहे. परंतु तिच्या आरंभीच्या तव्याच्या प्रतिमेवर वाचकाचे लक्ष इतके खिळते की पुढील विधानांचे स्वरूप तपासले जात नाही. भाकरी मिळण्याआधी हाताला चटके बसतात, एवढे म्हणून झाल्यावर कवयित्री एक निषेध उच्चारते : संसाराला खोटा म्हणू नये. देवळाच्या कळसाला कोणी लोटा म्हणत नाही, तसे.

आता प्रश्न असा की, संसाराला ‘खोटा’ कोण म्हणते? घराला कोणी खोटे म्हणत नाही. घर लहान असेल, गरीब असेल, कलहाचे असेल, मोडके असेल, ‘खोटे’ नसते. ‘खोटा’ हे विशेषण भांड्याकुंड्यांना, नवरा-बायकोला, चुलीला लागू पडत नाही. ते लागू पडते ते एकाच ‘संसारा’ला : ज्याला मिथ्या, असार, मायिक म्हटले जाते त्याला. म्हणजेच कवयित्री ज्या विधानाचा निषेध करते ते विधान तत्त्वज्ञानाच्या परंपरेतील आहे, आणि ‘संसार’ शब्दाचा तो अर्थ तिला ठाऊक असल्याखेरीज निषेधाला प्रयोजनच उरत नाही. अक्षरओळख नसणे म्हणजे परंपरा न ऐकणे नव्हे. मुक्ताबाईंच्या समाधिस्थानाची वारी ज्या मुलखात चालते, जेथे कीर्तनाचा फड गावोगाव उभा राहतो, तेथे ‘संसार खोटा’ हे विधान कानांवर पडण्यासाठी पोथी वाचता येण्याची गरज नाही.

दुसरा निषेध याच दिशेचा आहे. गळ्यातल्या हाराला लोढणे म्हणू नये, असे ती सांगते. लोढणे म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेला ओंडका. गुराला मोकळे फिरता येऊ नये यासाठीचे बंधन. संसार म्हणजे बंध, हे परंपरेचे दुसरे मोठे विधान, आणि तिने ते गोठ्यातल्या वस्तूच्या नावाने नेमके ओळखून नाकारले आहे. मिथ्यात्व आणि बंधन या दोन खांबांवर संसारनिंदेची इमारत उभी असते. कवितेने दोन्ही खांबांना हात घातला आहे. त्यानंतर काकडी, बिब्बा, सागरगोटी अशी जी फळे येतात, त्यांतील तर्कही याला धरूनच आहे. तोंडाशी कडू, बाकी गोड. बाहेर काटे, आत गुळगुळीत गोटे. वरचे रूप हे आतल्या वस्तूचे प्रमाण नव्हे, हा तो तर्क. मायावादी नेमके हेच म्हणतो. पण त्याच्या मते वरचे रूप मोहक आणि आतली वस्तू पोकळ असते. बहिणाबाईंनी युक्तिवाद तोच ठेवला आणि दिशा उलटवली : वरचे रूप जाचक, आतली वस्तू खरी.

शेवटी ती संसाराला देवाचा ‘इसार’ म्हणते. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ दिलेली रक्कम. बाजारातला, बैलजोडीच्या नि शेताच्या व्यवहारातला शब्द. इसार खोटा असला तर सौदाच मोडतो. देवाने दिलेल्या वचनाचा रोख भाग म्हणजे संसार, असे म्हटल्यावर परमार्थ हा प्रपंचाचा विरोधी पक्ष राहत नाही; तो त्याच सौद्यातील येणे बाकी ठरतो. पाटणच्या दगडावरील दोन भाषा येथे एका ओळीत येतात : सिद्धान्त आहे, आणि तो हिशेबाच्या मराठीत आहे.

याच जिल्ह्यात, अमळनेरास, प्रताप शेठ यांच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. जग मिथ्या की सत्य, अज्ञानाचे स्वरूप काय, याविषयी तेथे गंभीर ऊहापोह होत असे, जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांचा ‘अज्ञान’ हा ग्रंथ १९३३ सालचा. बहिणाबाई त्या वेळी पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. अमळनेरचा त्यांच्यावर प्रभाव पडला असे सुचवण्याचा येथे हेतू नाही; तसे मानण्याचे कारणही नाही. हेतू एवढाच की, जो प्रश्न तेथे तत्त्वज्ञानाचा म्हणून ओळखला गेला तोच प्रश्न काही कोसांवर शेतात विचारला गेला तेव्हा समीक्षेने त्याला ‘भावविश्व’ म्हटले.

६

या विवेचनातून समीक्षेच्या परिभाषेविषयी काही निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, ‘वैश्विक’ हा शब्द श्रेणी म्हणून वापरणे थांबवले पाहिजे. बहिणाबाईंची कविता घराकडून विश्वाकडे ‘जात’ नाही. तिच्या शब्दात दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदतात आणि कवितेचा ताण त्यांच्या एकत्र नांदण्यातून निर्माण होतो. याची सोपी कसोटी भाषांतर ही आहे. इंग्रजीत या कवितेचे शीर्षक लिहिताना भाषांतरकाराला घर किंवा जग यांपैकी एक शब्द निवडावा लागतो, आणि कोणताही निवडला तरी निम्मी कविता मागे राहते. बंगालीत निवडीचा हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरा निष्कर्ष देशीवादाच्या चर्चेशी निगडित आहे. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) आणि अन्यत्र मांडलेल्या देशीयतेच्या विचारावर घेतला गेलेला ठळक आक्षेप असा होता की, त्यामुळे साहित्य विश्वात्मकतेला पारखे होईल. समर्थकांनी उलट विश्वात्मकता हीच संशयास्पद ठरवली. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती : देशी आणि विश्वात्मक हे दोन टोकांचे शब्द आहेत. ‘संसार’ शब्दाचा इतिहास या समान गृहीतकृत्यालाच छेद देतो. येथे विश्ववाचक शब्द देशी झाला आहे, तोही आपला विश्ववाचक अर्थ न गमावता. ‘विश्व’ या शब्दाचा वैदिक अर्थ पाहिला तरी हाच बोध होतो. जे सगळ्यांच्या वर आहे ते विश्व नव्हे. जे सगळे आहे, एकेक करून प्रत्येक आहे, ते विश्व.

तिसरी गोष्ट सावधगिरीची आहे. ‘संसार म्हणजेच विश्व’ या सूत्राचा सहज दुरुपयोग होऊ शकतो. घरकामाला ब्रह्मांडाचे तेज चढवले की ते काम कोण करते, किती करते आणि त्याबद्दल तिला काय मिळते हे प्रश्न विचारण्याची सोय राहत नाही. स्त्रीच्या कष्टांचे उदात्तीकरण करणाऱ्यांनी बहिणाबाईंचा असा उपयोग करून घेतलेलाही आहे. म्हणून कवितेतील क्रम विसरता कामा नये. तिने संसाराला खोटा म्हटले नाही, पण सुखाचाही म्हटले नाही. कळस, हार आणि इसार यांच्याआधी चटके आहेत. हात आधी भाजतो, भाकरी नंतर येते. परंपरेने संसाराला खोटा म्हटले तेव्हा त्या चटक्यांनाही खोटे ठरवले होते. संसार खरा आहे या विधानात चटका खरा आहे हे विधान अनुस्यूत आहे, आणि ज्या समीक्षेला पहिले विधान हवे तिला दुसरे टाळता येणार नाही.

चौथी मर्यादा ही की, शब्दाचा इतिहास समृद्ध असला म्हणजे त्यावर लिहिलेली प्रत्येक कविता समृद्ध होते असे नाही. ‘संसार’ शब्द वापरणारी सामान्य पद्ये मराठीत असंख्य आहेत आणि त्यांत जन्ममरणाच्या फेऱ्याचा पुसटही ध्वनी नाही. शब्द शक्यता पुरवतो. ती वापरात आणणारे विधान कवीलाच करावे लागते. बहिणाबाईंच्या कवितेत ते विधान दोन निषेधांच्या रूपाने आले. अन्य कवीत ते आहे की नाही हे त्या त्या संहितेत शोधावे लागेल, आणि नसेल तर नाही म्हणावे लागेल.

जन्माने खानदेशचेच असलेल्या बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाल्या. ‘बहिणाबाईंची गाणी’ त्यानंतर पाच वर्षांनी. एकाच्या कवितेसाठी समीक्षेने विश्वभान, अस्तित्वजाणीव, युगचेतना असे शब्द घडवले. दुसरीसाठी ओलावा, सहजता, भावविश्व हे शब्द पुरेसे मानले. दोन कवींतील अंतर मोठे आहे आणि ते पुसण्याचे कारण नाही. पण ते अंतर विश्वाच्या आकारातले नव्हे, विश्वाकडे पाहण्याच्या जागेतले आहे. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. तेथे तिच्या कवितेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘अनुभवविश्व’ हा शब्द लिहिण्यापूर्वी भास्कराचार्यांनी ‘ब्रह्मांड’ या शब्दाविषयी दाखवलेला संयम दाखवावा, एवढी अपेक्षा रास्त ठरेल. शब्दात दडलेले चित्र प्रमाण मानायचे नाही, चाल मोजायची. बहिणाबाईंच्या कवितेतली चाल चुलीपासून निघते आणि देवाच्या सौद्यापर्यंत जाते, आणि या सगळ्या वाटेचे नाव तिच्या बोलीत एकच आहे.